गुणाबाईंचा घसा

सुकापूरला आमच्या बिल्डिंगच्या मागे एक बैठी चाळ आहे. तिच्या टोकाच्या खोलीत गुणाबाई राहतात. तांदळाच्या भाकऱ्या हव्या असल्या की लोक त्यांना फोन करतात, आणि फोन कुणाचाही असो, गुणाबाईंचं उत्तर ठरलेलं: "हाय ना, करीन की." एका रविवारी त्यांनी तीन घरांना एकाच वेळेचा शब्द दिला होता. तिन्ही घरी भाकऱ्या थोड्या कमी पोचल्या, पण तिन्ही घरी सुकटीची चटणी फुकट पोचली, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. गुणाबाईंना कुणी रागावलेलं सहन होत नसे. अगदी अनोळखी रिक्षावालासुद्धा.

माझी मुलगी आभा अशीच आहे. नोकरीला लागल्यापासून ती बाहेरगावी राहते आणि ऑफिसमध्ये सगळ्यांच्या रविवारच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेते. चर्चची उपासना चुकते, जेवण चुकतं, आणि विचारलं की म्हणते, "आई, नाही म्हणायला बरं वाटत नाही." रात्री सगळं आवरलं की मला तिच्याबद्दल नको नको ते सुचतं. मग मी गुणाबाईंची गोष्ट आठवते. ती एकदा नीट लिहून काढावी असं बरेच दिवस मनात होतं.

गुणाबाई जातीने आगरी. त्यांचं माहेरचं गाव आज विमानतळाच्या कुंपणाच्या आत गेलं आहे. गाव उठलं तेव्हा त्यांच्या भावाला, काळूरामला, करंजाड्यात प्लॉट मिळाला आणि त्याने तिथे घर बांधलं. बाकी भाऊबंद पांगले. कुणी करंजाड्यातच, कुणी उलव्याच्या बाजूला, कुणी भाड्याने तळोज्याला.

त्या गावात गुणाबाई धवलारीण होत्या. मी अहमदनगरकडून लग्न होऊन इथे आले, मला हा शब्दही माहीत नव्हता. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान असतो. धवले म्हणजे लग्नाच्या एकेका कामाची गाणी. मांडव घालताना, हळद लावताना, नवरीला न्हाऊ घालताना ही बाई गाते आणि तिच्यामागून बाकीच्या बायका. पण सगळ्याच्या आधी आवतण. धवलारीण गाण्यातून लग्नाचं आमंत्रण देते. पहिलं देवांना, मग घराण्यातल्या मेलेल्या वडीलधाऱ्यांना, मग जिवंत माणसांना, प्रत्येकाला नाव घेऊन. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो. मानाचा कुणी असेल तर जेवणावरून उठून जातो.

"आमच्या आईने मला पहिलं काय शिकवलं ठाऊक हाय?" गुणाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "चाल चुकली तरी चालेल, नाव राहता कामा नाय."

त्यांचा स्वभाव असा का झाला ते मला त्या दिवशी कळलं. वयाच्या कितव्या तरी वर्षापासून त्या बाईने कुणी रुसू नये एवढंच काम केलं होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या आल्या त्यासुद्धा गाण्यामुळे. आमची उपासना नव्या पनवेलला एका हॉलमध्ये होते. त्या खालच्या मजल्यावर कुणाला तरी भाकऱ्या द्यायला आल्या होत्या. मी उशिरा पोचले तर या जिन्यात पायरीवर बसलेल्या, मांडीवर रिकामा डबा.

"कोणाचं लगीन हाय वर?" त्यांनी विचारलं.

"लग्न नाही, उपासना आहे. आज रविवार ना."

"लगीन नाय आणि एवढी माणसं गातात?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

पुढच्या रविवारी त्या दाराच्या आत बसल्या. मग तिसऱ्या रांगेत. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुलगा भावेश तळोज्याला कामाला जातो. तो म्हणाला, "आई, तुला बरं वाटतं ना, मग जा." घरात त्यावरून काही झालं नाही. जे झालं ते गुणाबाईंच्या मनात झालं. धवल्यांचं काय करायचं, हे त्यांना पास्टरनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी स्वतःच ठरवलं.

"आवतण म्हणजे नुसतं गाणं नाय, बाय," त्या म्हणाल्या. "मी हाक मारते तर तो येतो, असं मनात धरून मारायची असते ती. आता माझी हाक एकाकडे जाते. मग मी बाकीच्यांना काय नुसती तोंडाने बोलवू?"

ठरवलं, पण सांगितलं कुणालाच नाही. लग्नाचं बोलावणं आलं की कधी गुडघा दुखे, कधी भावेशची बायको माहेरी गेलेली असे. "नाय" हा शब्द तोंडातून निघत नव्हता. लोकांना वाटे, गुणाबाई थकल्या. सहा-सात वर्षं अशीच निभावली.

मग काळूरामच्या एकुलत्या एक मुलीचं, किशोरीचं लग्न ठरलं. मुलगा निकेश, उरणचा, बंदरात नोकरीला. सांगायला काळूराम स्वतः आला तेव्हा मी भाकऱ्या घ्यायला तिथेच गेले होते. अंगाने धिप्पाड माणूस, पण बहिणीच्या खाटेवर अगदी लहान होऊन बसला.

"गुणाताय, डीजे सांगितलाय, स्टेज सांगितलाय, सगळं हाय," तो म्हणाला. "पण किशोरी म्हणते, धवले आत्याचेच. तू तिच्या बारशाला बोलली होतीस ना, हिच्या लग्नात मी गाईन म्हणून. तिने ते धरून ठेवलंय."

"हाय ना," गुणाबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीचं लगीन. मी नाय तर कोण?"

हे शुक्रवारचं. रविवारी उपासनेनंतर पास्टर अविनाशनी सहज विचारलं, "गुणाबाई, भाचीचं लग्न ठरलं म्हणे. आता तुम्हाला गावं लागेल का?"

"छे, ते मी सोडलं, पास्टर. आता नाय गात," गुणाबाई म्हणाल्या, तितक्याच सहज.

चालत घरी येताना त्या माझ्या पुढे पुढे होत्या. सुकापूरच्या वळणावर थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, मी दोन्हीकडे शब्द दिला."

"भावाला खरं सांगा ना," मी म्हटलं.

"सांगितलं तर माहेर तुटतं. गाव गेलं, आई गेली, आता माहेर म्हणजे काळूचं दार, तेवढंच." मग हात छातीशी नेऊन म्हणाल्या, "आणि गायले तर हे आतलं तुटतं. ते कोणाला दिसणार नाय. पण मला दिसेल."

मला यावर काही सुचलं नाही. सुचलं ते मागून येऊन आम्हाला गाठलेल्या ललिताला. ललिता आमच्या महिला संघात आहे आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो.

"त्यात काय?" ती म्हणाली. "घसा बसला म्हणायचं. हो पण नाही आणि नाही पण नाही. भाऊ रागवायला नको, देव रागवायला नको."

गुणाबाईंचा चेहरा इतका उजळला की मला त्यांची कीव आली. त्यांनी तिथल्या तिथे आवाज बसवून पाहिला. चांगला जमला. त्या संध्याकाळी काळूरामला घोगऱ्या आवाजात फोन गेला.

पण धवलारणीचा घसा म्हणजे काही एका बाईचा घसा नव्हे, हे ललिताला कुठून माहीत असणार? दुसऱ्या दिवशी दुपारी काळूरामची बायको चंद्रावती हजर झाली. हातात मधाची बाटली, ज्येष्ठमध, ओवा आणि एक लोकरीचा मफलर. चंद्रावती बोलायला फटकळ आहे.

"वन्सं, आजपासून एक शब्द बोलायचा नाय," ती म्हणाली. "खुणेने बोला. लग्न माझ्या पोरीचं हाय, घसा पण माझाच समजा."

तिने मफलर गुंडाळला, मध चाटवला, आणि मग मोबाईलची बॅटरी लावून म्हणाली, "आ करा."

गुणाबाईंनी आ केला.

"लाल तर नाय दिसत."

"आतून हाय," गुणाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"बोलू नका म्हटलं ना."

दोन दिवसांत त्या खोलीत औषधांची जत्रा भरली. चुलत बहीण सखूबाई, वयाने गुणाबाईंपेक्षा मोठी, तिने कसलंसं कडू मूळ उगाळून पाठवलं. उरणहून होणाऱ्या जावयाच्या घरून खडीसाखर आणि कंकोळ आलं. उठून गेलेल्या गावातल्या बायका एकमेकींना फोन करून विचारत होत्या, गुणाचा आवाज आला का. भर उकाड्यात गुणाबाई मफलर गुंडाळून बसलेल्या. भाकऱ्यांचे फोन घेता येईनात, म्हणून त्या आठवड्यात प्रथमच एका वेळी एकाच घरच्या भाकऱ्या झाल्या.

मी गेले की दार लावून घेत आणि भरभरून बोलत. "चंद्रा एरवी माझ्याशी दोन शब्द नाय बोलत," त्या एकदा म्हणाल्या. "आता रोज येते. माझे पाय पण चेपले काल. बाय, मला त्या मधापेक्षा कडू काही लागलं नाय अजून."

रविवार आला. आमच्या गाण्यात गुणाबाईंचा आवाज सगळ्यात वर असतो. तो नसला की हॉल अर्धा रिकामा वाटतो. पास्टर अविनाशनी दुसऱ्या गाण्यालाच विचारलं, "गुणाबाई आल्या नाहीत का?" मागून कुणीतरी सांगितलं, आल्यात, पण आवाज गेलाय, आणि भाचीचं लग्न तोंडावर आलंय.

"पुढे या," पास्टर म्हणाले. "आपण सगळे मिळून प्रार्थना करू."

गुणाबाई पुढे गेल्या. त्यांना जावंच लागलं. सगळ्यांनी हात पुढे केले. पास्टर साधा माणूस आहे, प्रार्थनाही साधी करतात. "प्रभू, या आवाजाने आम्ही किती रविवार तुझी स्तुती केली. तो तुझ्या लेकीला परत दे." लहान मुलंसुद्धा डोळे घट्ट मिटून आमेन म्हणत होती. माझ्या शेजारी ललिता स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"थांबा," गुणाबाई म्हणाल्या. खणखणीत आवाजात, सगळा हॉल भरेल एवढ्या.

मागून कुणीतरी जोरात "हालेलुया" म्हणालं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. कीबोर्डवाल्याने सूर लावला.

"नाय, थांबा. हालेलुया नको. माझा घसा बरा हाय."

हालेलुया आणखी मोठं झालं. एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले.

"अरे, ऐका तरी," गुणाबाईंनी मफलर ओढून काढला. "आत्ता बरा नाय झाला. पहिल्यापासून बरा हाय. बसलाच नव्हता. मी खोटं बोलले."

कीबोर्ड बंद पडला. एक मूल हसलं, त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. गुणाबाईंनी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भावाला दिलेला शब्द आणि पास्टरना दिलेला शब्द. ललिताचं नाव मात्र घेतलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माझी भावजय रोज मध घेऊन येते. तुमी माझ्यासाठी हात वर केले. आता मला नाय सोसत."

उपासनेनंतर चहा घेताना पास्टर त्यांच्याशेजारी येऊन बसले.

"मी तुम्हाला भावाच्या घरी जाऊ नका म्हटलं होतं का?"

"नाय."

"गाऊ नका म्हटलं होतं?"

"नाय. पण तुमाला आवडलं नसतं."

"गुणाबाई," पास्टर म्हणाले, "भावाला बरं वाटावं म्हणून त्याला हो म्हणालात. मला बरं वाटावं म्हणून मला नाही म्हणालात. मग यात देवाच्या वाट्याला काय आलं?"

गुणाबाईंनी जरा विचार केला. "बसलेला घसा," त्या म्हणाल्या.

पास्टरना चहा सांडेपर्यंत हसू आलं. गुणाबाईही हसल्या. मी घरी येऊन त्या प्रश्नाचा खूप विचार केला. आपण समजतो की एका बाजूला लोक असतात आणि दुसऱ्या बाजूला देव. पण बऱ्याचदा दोन्ही बाजूंना लोकच असतात, आणि त्यातल्या काहींना खूश ठेवण्यालाच आपण देवाची भक्ती म्हणत असतो.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई मला बरोबर घेऊन करंजाड्याला गेल्या. रिक्षात सारख्या पदर नीट करत होत्या. घरासमोर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. काळूराम डेकोरेशनवाल्याशी घासाघीस करत होता. आम्हाला बघून आत आला. चंद्रावतीने पाणी आणलं आणि नणंदेच्या उघड्या गळ्याकडे बघून विचारलं, "मफलर कुठे गेला?"

"चंद्रा, बस. काळू, तू पण बस," गुणाबाई म्हणाल्या. "घसा बरा हाय. मी खोटं बोलले. देवांचं आवतण मी आता गात नाय. सहा-सात वर्षं झाली. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून घसा बसवला."

काळूरामने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे आमचे देव आता तुला चालत नाय."

"तसं नाय रे. आईच्या तोंडून तीच नावं ऐकत मोठी झाले मी. वाईट कशी बोलीन? पण आवतण म्हणजे खरं बोलावणं. मनात नसताना बोलावलं तर तुमच्या देवांशी पण खोटं, माझ्या देवाशी पण खोटं. तुझ्या पोरीच्या लग्नाची सुरुवात खोट्याने करू का?"

"आई असती तर?"

"आईने मारलं असतं. पहिलं घशासाठी, मग बाकीच्यासाठी."

कुणी हसलं नाही. चंद्रावती भिंतीकडे बघून म्हणाली, "अख्खी बाटली मध. खास मागवलेला."

"हळदीला भाऊबंद जमतील," काळूराम म्हणाला. "त्यांना काय सांगू? सख्खी बहीण जिवंत हाय आणि आवतण दुसरी बाई गाते, असं?"

"खरं सांग. माझ्यावर घाल."

तो उठून बाहेर बांबूंकडे निघून गेला. तेवढ्यात किशोरी कामावरून आली. बाहेर बापाचा चेहरा बघूनच तिला काहीतरी कळलं असावं. आत आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आत्या, पण तू येणार तरी ना?"

"येणार. भाकऱ्या करीन. तुझा बाप दारातून परत जा म्हणाला तर परत जाईन, पण येणार."

बाहेरून काळूरामने हे ऐकलं असणार.

हळदीपर्यंत त्याचा फोन आला नाही. एरवी दिवसाआड करणारा माणूस. गुणाबाई रोज सकाळी फोन चार्ज करून उशाशी ठेवत. मी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून डोकावत होते. काळजी करायला मला फार लागत नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "तुमी नका घाबरू, बाय. मला भीती वाटते, पण आतून हलकं पण वाटतं. मफलर काढल्यासारखं."

हळदीच्या दिवशी त्यांनी स्वतःचा लोखंडी तवा जुन्या लुगड्यात बांधून घेतला. मीही बरोबर गेले. मांडवाच्या तोंडाशी काळूराम नवा सदरा घालून पाहुण्यांना नमस्कार करत उभा होता. आम्ही समोर जाऊन थांबलो. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग तव्याकडे. रिक्षावाला सुट्टे मागत होता, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"मागच्या अंगणात चूल मांडलीय," काळूराम म्हणाला. "लाकडं ओली हायत, बघ."

एवढंच बोलून तो पुढच्या पाहुण्यांकडे वळला. गुणाबाई आत गेल्या आणि चुलीपुढे बसल्यावर बराच वेळ ओल्या लाकडांच्या धुराने डोळे पुसत होत्या. मीही.

संध्याकाळी डीजे थांबवला आणि मांडवात बायका जमल्या. आवतण गायला सखूबाई बसली होती. आवाज थकलेला, पण देवांची नावं तिच्या तोंडून सुरळीत आली. मागून म्हणणाऱ्या पोरींनासुद्धा ती पाठ होती. गुणाबाई मागच्या अंगणात भाकरी थापत होत्या. मग पितरांची नावं झाली. त्यानंतर जिवंत माणसांची पाळी आली आणि सखूबाई अडखळायला लागली. पूर्वी एका गल्लीत राहणारी माणसं आता कुठे कुठे पांगलेली, नव्या सुनांची नावं तिला ठाऊक नाहीत. एक नाव तिने दोनदा घेतलं. सगळ्यात थोरल्या चुलत भावाचं नाव राहून गेलं. मांडवात एक खुर्ची करकरली. थोरले उठायच्या बेतात होते.

चंद्रावती तरातरा मागच्या अंगणात आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, माणसं पण तुमच्यात चालत नाय का?"

गुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली, हात धुतले. "माणसं चालतात," त्या म्हणाल्या.

मांडवात जाऊन त्या सखूबाईच्या कानाशी वाकल्या. "सखू, देव झाले?"

"झाले."

"पितर?"

"ते पण झाले."

"मग आता सरक थोडी."

मी त्यांना इतकी वर्षं ऐकत होते, पण असं गाताना कधी ऐकलं नव्हतं. पहिलं नाव थोरल्या चुलत भावाचं घेतलं, त्याच्या घराची जुनी खूण सांगून, दारातल्या चिंचेसकट. खुर्ची परत जागेवर गेली. मग एकेक घर. उलव्याची, करंजाड्याची, तळोज्याला भाड्याने राहणारी. नव्या सुना त्यांच्या स्वतःच्या नावाने. भांडून बोलणं टाकलेली दोन घरं एकाच ओळीत. डीजेवाली पोरं. त्यांच्या वडिलांची, बामा घरताची, नात म्हणून किशोरी. चंद्रावतीचं नाव आलं ते मधाच्या बाटलीसकट. सगळ्या बायका हसल्या, आणि चंद्रावतीने पदर तोंडाला लावला. अगदी शेवटी माझंही नाव आलं, आणि आभाचं, जी आलेलीच नव्हती.

काळूराम खांबाला टेकून उभा होता. गाणं संपल्यावर तो ताट घेऊन आला. त्यात साडी आणि नारळ होता. धवलारणीला दोन्ही देतात. त्याने नारळ सखूबाईच्या ओटीत घातला.

"हा आवतणाचा मान," तो म्हणाला. मग साडी बहिणीच्या हातात दिली. "आणि हा आत्याचा. तुझा तो कोणी घेऊ शकत नाय."

गुणाबाई काही बोलू शकल्या नाहीत. काळूरामने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "काय, घसा बसला काय?"

परतताना रिक्षात त्या साडी मांडीवर धरून बसल्या होत्या. तवा विसरून आल्या होत्या. काळूरामने तो दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिला, आणि चहा प्यायला थांबला.

मंडळीत दोघा-तिघांनी नंतर बोलून दाखवलं की ख्रिस्ती बाईने त्या मांडवात बसायलाच नको होतं. पूर्वीच्या गुणाबाई त्यांच्या घरी सुकटीची चटणी घेऊन गेल्या असत्या. या वेळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमाला तसं वाटतं, ठीक हाय." त्यांच्याशी आजही त्या तितक्याच आपुलकीने बोलतात. पण समजावत बसल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्यांना रविवारच्या भाकऱ्या सांगायला गेले.

"नाय, बाय," त्या म्हणाल्या. "या रविवारी नाय. एक घर घेतलंय आणि उपासना हाय. तुमचं नाय जमणार."

इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडून पहिल्यांदा नकार मिळाला होता. मी घरी येईपर्यंत हसत होते. आभाला फोन करून सांगितलं.

"तुला राग नाही आला?" तिने विचारलं.

"नाही. उलट बरं वाटलं. आता त्या हो म्हणाल्या की ते खरं असेल."

शनिवारी तिचा निरोप आला की सरांना नाही म्हटलंय, रविवारी घरी येते. त्या रविवारी उपासनेत ती गुणाबाईंच्या शेजारी बसली होती. भाकऱ्या मीच केल्या. कडा फाटल्या, तरी तिने दोन खाल्ल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, खरं सांगू? गुणाबाईंसारख्या नाही झाल्या."